काच साफ, गाडी तयार

४ डिसेंबर

पान्या,

आशीर्वाद आहेतच, ते शेवटी. आधी तक्रार ऐक. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू तिसऱ्या वाक्याला मध्ये बोलतोस, मग मी चिडते, मग तू गिऱ्हाईक आलंय म्हणून ठेवून देतोस. पत्राला मध्ये बोलता येत नाही, म्हणून पत्र.

तुझी गाडी मला छळते आहे. तुझी म्हणते, कारण तूच ती पसंत करून आमच्या गळ्यात मारलीस आणि स्वतः उबदार गावात गॅरेज टाकून बसलास. इथे थंडी पडल्यापासून रोज सकाळी तिची पुढची काच पांढरी असते. बाहेरून असती तर खरवडली असती. आतून असते. हाताने पुसावी तर दोन मिनिटांत पुन्हा धरते, वर बोटांचे फराटे उठतात. शेवटी तळहाताएवढी जागा पुसून, मान वाकडी करून त्या भोकातून बघत मी गल्लीबाहेर पडते. पुलापर्यंत गेलं की हळूहळू निवळते. तोवर दहा मिनिटं गेलेली असतात.

ही दहा मिनिटं मला परवडत नाहीत. रक्त तपासणीच्या केंद्राची किल्ली माझ्याकडे असते. सातला दार उघडायचं, आणि पावणेसातपासून माणसं उपाशीपोटी थंडीत उभी असतात. त्यातले निम्मे साखरेचे पेशंट. आमच्या मोठ्या बाईंचा नियम सरळ आहे. हंगामी माणसाला उशिराचे तीन मेमो मिळाले की कायम करण्याच्या यादीतून नाव गेलं. सहा वर्षं मी हंगामी आहे. यादी थंडीच्या अखेरीस लागेल. एक मेमो मागच्या सोमवारी मिळाला.

अण्णा बरे आहेत. बरे म्हणजे माझ्याशी बोलत नाहीत. ऑक्टोबरात भर दुपारी त्यांनी फाटकाचा खांब ठोकला आणि मी गाडीची किल्ली काढून घेतली, हे तुला माहीतच आहे. एकतीस वर्षं बस चालवलेल्या माणसाची किल्ली काढून घ्यायला मला काय आनंद झाला होता का? दुसरी किल्ली हरवली म्हणतात. डोळे दाखवू या म्हटलं की फिरायला निघून जातात.

काचेचं काय करू ते लिही. थोडक्यात लिही. आशीर्वाद.

तुझी ताई


११ डिसेंबर

ताई,

थोडक्यात लिहितो. हाताने पुसू नकोस, हे तुला किती वेळा सांगितलंय? हाताचं तेल काचेला लागतं आणि त्यावर वाफ जास्त बसते.

गाडीतल्या हवेत ओल असते. काच थंड असली की ती ओल तिच्यावर येऊन बसते, एवढाच हिशेब आहे. तेव्हा ओल कमी कर आणि काच हळूहळू तापव. हवेचं बटण बाहेरची हवा आत घेण्यावर ठेव. तू नक्की आतलीच हवा फिरवत बसतेस, कारण तुला थंडी वाजते. हीटर लाव आणि सोबत एसी पण लाव. आता हसशील, की थंडीत एसी कशाला. एसी हवा कोरडी करतो, म्हणून. खिडकी बोटभर उघडी ठेव. ओला कोट आणि छत्री डिकीत टाक, पायपुसणी घरात आणून वाळव. एका मोज्यात कोरडं जाडं मीठ भरून, गाठ मारून पुढे ठेव, ते ओल ओढतं. आठवड्यातून एकदा काचेला आतून दाढीचा फेस चोळायचा आणि कोरड्या फडक्याने पूर्ण निघेपर्यंत पुसायचा, पातळ थर राहतो आणि वाफ धरत नाही. बाहेर बर्फ धरला असेल तर गरम पाणी ओतू नकोस, काच तडकेल आणि मग मला दुसरं पत्र येईल.

अण्णांच्या मागे लागू नकोस. ते मागे लागलेल्या माणसाचं ऐकत नाहीत, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे.

पान्या


२० डिसेंबर

पान्या,

याला तू थोडक्यात म्हणतोस.

सगळं केलं. मीठ मोज्यात भरलं, ते तिसऱ्या दिवशी इतकं ओलं झालं की पिळलं असतं तर पाणी निघालं असतं. पायपुसणी रोज रात्री घरात आणते. बाहेरची हवा, एसी, बोटभर खिडकी, सगळं तुझ्या हुकमाप्रमाणे. फेस चोळला तर अण्णांनी विचारलं, माझी दाढीची नळी कुठे गेली. मी गाडीला लावली म्हटल्यावर ते उठून गेले. पाच दिवसांतलं आमचं एवढंच संभाषण.

आता खरं सांगू? एसीने काच लवकर निवळते, हे कबूल. पुलाऐवजी आता दूध केंद्रापाशी निवळते. पण सकाळी ती असतेच पांढरी, आणि आधीपेक्षा जाड. वर संध्याकाळी घरी येताना काही नाही, काच आरशासारखी. मग फक्त सकाळीच हिच्या अंगात काय येतं? फेसाच्या दुसऱ्या दिवशी तर काचेवर ओघळ होते. माझ्या बाजूची पायाखालची जागाही ओली, आणि पायपुसणी तर घरात होती. पाऊस नाही, बर्फ नाही, ओल येते कुठून?

दुसरा मेमो काल मिळाला. सात वाजून सहा मिनिटं. एक म्हातारे गृहस्थ पायरीवर बसले होते, चक्कर आली म्हणून. मोठ्या बाईंनी नुसतं घड्याळाकडे बघितलं. ते बोलण्यापेक्षा वाईट.

आणखी एक. सीट रोज सकाळी मागे गेलेली असते. माझे पाय क्लचला पुरत नाहीत, आधी ती पुढे ओढावी लागते. तुझ्या गाडीचा एकेक भाग आता आपापल्या मनाने वागायला लागलाय.

ताई


२७ डिसेंबर

ताई,

सीटचा खटका झिजला असेल. कुठल्याही गॅरेजात दहा मिनिटांचं काम आहे.

ओल मात्र मला आवडली नाही. हीटरची छोटी जाळी डॅशबोर्डच्या मागे असते. ती गळायला लागली की इंजिनातलं पाणी पायाशी झिरपतं आणि त्याची वाफ थेट काचेवर जाते. नाक लावून बघ, गोडसर वास येतो का. काचेवर बोट फिरव, चिकट लागतं का. बॉनेट उघडून पाण्याची पातळी बघ, गाडी थंड असताना. यातलं एक जरी हो असेल तर चालवू नकोस, मी सुट्टी काढून येतो. अख्खा डॅशबोर्ड काढावा लागतो, ते काम दुसऱ्या कुणाला देऊ नकोस.

यातलं काहीच नसेल तर मी हात टेकले. अठरा वर्षांच्या धंद्यात रोज सकाळीच गळणारी गाडी मी पाहिलेली नाही.

पान्या


२९ डिसेंबर

धाकट्यास आशीर्वाद.

पत्र विशेष कामासाठी. माझ्या बरोबरीचे एक निवृत्त ड्रायव्हर आहेत, ओळखीचे, त्यांच्यासाठी विचारतो आहे. त्यांच्या घरची गाडी सकाळी काच धरते. घरातल्या माणसाला लवकर कामाला जावं लागतं, आणि उशीर झाला तर नोकरीवर गदा यायची वेळ आहे. तेव्हा हे गृहस्थ पहाटे उठून, घरच्यांना कळू न देता, गाडी तयार करून ठेवतात.

पद्धत आमच्या डेपोचीच, तिथे आम्ही ड्रायव्हर पाळीपाळीने एकमेकांच्या बस तयार करायचो. पहिल्या फेरीच्या बसला हीटर नसायचा. आम्ही कँटीनमधून उकळतं पाणी आणून पातेलं ड्रायव्हरच्या पायाशी ठेवायचो, त्याने बस उबदार व्हायची. मग त्याच पाण्यात फडकं पिळून काच आतून पुसायची. काम झालं की चिठ्ठी लिहायची, "काच साफ, गाडी तयार", खाली सही आणि वेळ, आणि वायपरखाली खोचायची. ड्रायव्हर येऊन खाली "मिळाली" लिहून सही करायचा आणि ती चिठ्ठी खिळ्याला टोचायचा. एकतीस वर्षांत माझ्या चिठ्ठीवरची बस तक्रार होऊन कधी परत आली नाही.

या गृहस्थांचं म्हणणं असं, की आता तीच पद्धत चालत नाही. तीन-तीनदा पुसतात, तरी काच धुरकटच दिसते. पातेलं मोठं घेऊन झालं. अर्धा तास आत बसून पुसत राहतात. शेवटी वेळ होते म्हणून उठतात. चिठ्ठी त्यांनी एकदाही लावलेली नाही, कारण काच साफ नसताना साफ लिहायचं कसं?

उपाय कळव. तुझ्या बहिणीला यातलं काही लिहू नये. तिचा त्या गृहस्थांशी संबंध नाही.

अण्णा


६ जानेवारी

ती. अण्णांस,

तुमच्या त्या ओळखीच्या गृहस्थांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, दुसरी किल्ली सापडल्याबद्दल अभिनंदन.

अण्णा, महिनाभर मी ताईला मीठ, फेस, एसी, जाळी, खटका असं काय काय लिहून तिचं डोकं खाल्लं. सीट मागे गेलेली असते म्हणाली, तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तुमच्या बसला फटी होत्या. दारं बंद होत नव्हती, खिडक्या खडखडत होत्या, पातेल्याची वाफ येईल तशी बाहेर जात होती. ही गाडी डब्यासारखी बंद आहे. त्यात तुम्ही उकळतं पाणी ठेवता, ओल्या फडक्याने पुसता आणि अर्धा तास आत बसून श्वास सोडता. काच धरत नाही, तुम्ही ती धरवता. ते पातेलं कृपा करून उद्यापासून स्वयंपाकघरातच राहू द्या.

दुसरी गोष्ट लिहायला जड जाते, पण लिहितो. काच पुसल्यावर निदान क्षणभर तरी साफ दिसते. कुणालाही दिसते. तुम्हाला तीनदा पुसूनही एकदासुद्धा साफ दिसली नाही. खांब ठोकलात तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. दोष काचेत नाही, अण्णा. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. मोतीबिंदू असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे, माझं हीटरच्या जाळीचं काम त्यापेक्षा मोठं असतं.

ताईला तुम्हीच सांगा. आठ दिवस थांबतो. नंतर मी सांगेन.

तुमचा धाकटा


८ जानेवारी

पान्या,

हे पत्र मी केंद्रातल्या मागच्या खोलीत बसून लिहिते आहे. 

काल सकाळी मला पाच मिनिटं उशीर झाला होता. काच नेहमीसारखी पांढरी. एसी लावून थांबायला हवं होतं, तू लिहिलं होतंस तसं. थांबले नाही. तळहाताने भोक पुसलं आणि गाडी काढली. फाटकाजवळ त्या भोकात काहीतरी हललं. ब्रेक मारला. गाडी थांबली आणि बाहेर भांडं पडल्याचा आवाज आला.

अण्णा होते. फाटक उघडायला उभे राहिले होते. एका हातात फाटकाची कडी, दुसऱ्या हातात आपलं मोठं पातेलं, काखेत ओलं फडकं. त्यांच्या आणि बंपरच्या मध्ये वीतभर जागा होती. नीट वाच, वीतभर. गाडी एवढी जवळ आलेली त्यांना दिसलीच नव्हती, आणि मला ते दिसले नव्हते. पातेलं घरंगळत गल्लीत गेलं.

लागलं नाही त्यांना. मी उतरले आणि इतकं बोलले, की समोरच्या घरातल्यांनी खिडकी उघडली. पातेलं कशाला, फडकं कशाला, किल्ली कुठून आली, सगळं तिथेच बाहेर आलं. महिनाभर मी ज्या वाफेला शिव्या घालत होते ती आमच्याच गॅसवर तापत होती. मी म्हटलं, तुमच्यामुळे माझी नोकरी चाललीय. हे मी म्हटलं, पान्या. आईशपथ, तोंडातून निघून गेलं.  त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि गल्लीत पातेलं आणायला गेले. चालताना भिंतीला हात लावत गेले, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

सात वाजून सतरा मिनिटांनी पोचले. तिसरा मेमो.

ताई


१४ जानेवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. पातेल्याचं मला आधीच कळलं होतं. अण्णांनी कुणा मित्राचं नाव करून मला विचारलं होतं, आणि मी त्यांना आठ दिवसांची मुदत दिली, मोठा शहाणपणा म्हणून. तुला फोन करायला हवा होता. तू मध्ये बोलली असतीस, भांडली असतीस, पण तो प्रसंग आला नसता. याची लाज माझी मला वाटते.

अण्णांचं पत्र सोबत ठेवतो. त्यांनी तुला सांगू नकोस म्हटलंय, पण हे मी आता ऐकणार नाही. चिठ्ठीबद्दल त्यांनी काय लिहिलंय ते वाच.

किल्ली पुन्हा कुलपात टाकू नकोस, एवढीच विनंती. गाडी ते चालवणार नाहीत, तेवढं आता त्यांनाही कळलंय. पण सकाळी गाडी तयार करायचं काम त्यांना दे. योग्य रीतीने. पातेलं सोडून.

पान्या


२५ जानेवारी

पान्या,

मोठ्या बाईंनी बोलावलं होतं. मी काही लपवलं नाही, पातेल्यासकट सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, कायम करणं यंदा नाही. पण नाव कापलेलं नाही, सहा महिने पुढे ढकललं आहे. त्या सहा महिन्यांत एकही मेमो चालणार नाही. बाहेर आले तेव्हा रडू आलं, आणि ते त्यांनी बघितलं याचा राग आला.

अण्णांचं पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मग त्यांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. ते म्हणाले, तुझी नोकरी गेली का? मी म्हटलं, अजून नाही, तुम्ही आला नाहीत तर जाईल, मला रोज तुमची काळजी करत उशीर होईल. हे खोटं होतं, पण चाललं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टर म्हणाल्या, हे इतके दिवस चालत कसे होते. उजव्या डोळ्याचं काम पुढच्या आठवड्यात.

किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला लावली आहे. अजून कुणी हात लावलेला नाही.

ताई


१९ फेब्रुवारी

धाकट्यास आशीर्वाद.

उजवा डोळा उत्तम झाला. डॉक्टरांनी काल सगळी बंधनं उठवली. आज सकाळी साडेपाचला खिळ्यावरची किल्ली घेतली, तुझ्या ताईला सांगून, आणि गाडीपाशी गेलो. आता तक्रार ऐक.

त्या काचेची दशा काय सांगू? कडेपासून कडेपर्यंत फराटे. वर्तुळं, बोटं, फडक्याचे ओरखडे, खालच्या बाजूला वाळलेले ओघळ, त्यावर दाढीच्या फेसाचा पांढरा थर, आणि बरोबर मध्ये तळहाताएवढं भोक. अशी काच डेपोत कुणी बाहेर काढली असती तर मी त्याला घरी पाठवलं असतं. आत गेलो आणि तुझ्या बहिणीला विचारलं, या काचेतून तू दोन महिने गाडी हाकत होतीस? काही जिवाची पर्वा आहे की नाही? ती चहा गाळत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, अण्णा, ती रोज तुम्हीच पुसत होतात.

मी परत बाहेर आलो. कोरडं फडकं घेतलं, वर्तमानपत्र घेतलं, आणि काम केलं. इंजिन चालू, बाहेरची हवा, एसी, खिडकी बोटभर उघडी. तुझा तो एसीचा मुद्दा बरोबर आहे, हे नोंदवतो. मी स्वतः आत बसलो नाही, बाहेर उभं राहून हात आत घालून पुसलं, कंबर धरली आहे. सहाला पाच कमी असताना गाडीच्या दिव्यांत काचेतून समोरच्या घराचं फाटक दिसलं, फाटकाची कडी दिसली, कडीवरचा गंज दिसला.

तेव्हा चिठ्ठी लिहिली. "काच साफ, गाडी तयार." सही, वेळ पाच पंचावन्न. वायपरखाली खोचली आणि घरात येऊन बसलो. ती निघाली, गाडी गल्लीबाहेर गेली, मी खिडकीतून मागचे दिवे वळेपर्यंत बघितले. चिठ्ठी तिने बघितली की वाऱ्यावर गेली, कळायला मार्ग नव्हता. डेपोची शिस्त हिला कोण शिकवणार, म्हणून मी दिवसभर जरा घुश्शातच होतो.

संध्याकाळी ती आली, किल्ली लावली आणि आत गेली. नंतर पाणी प्यायला उठलो तर किल्लीच्या मागे खिळ्याला चिठ्ठी टोचलेली. खाली तिच्या अक्षरात "मिळाली", सही आणि वेळ, सहा वाजून एक मिनिट. त्याखाली आणखी एक ओळ होती, डेपोत अशी ओळ कुणी लिहीत नसे, पण मी ती खोडली नाही. "केंद्र उघडलं सहा बावन्नला. पायरीवर कुणी बसलेलं नव्हतं."

डाव्या डोळ्याचं काम पुढच्या महिन्यात. तोवर ही रोज सही करते की नाही ते बघतो.

अण्णा